तपासणी

रविवारी दुपारी जेलरोडच्या आमच्या घरात
कणीक, लोणी आणि पिठीसाखरेचं भांडण चालू असतं.
डिसेंबर. नाशिकची थंडी अशी
की लोणी वाटी सोडायला तयार नाही.
लेक त्याला उन्हात नेऊन ठेवते,
दाराशी, आबांच्या चपलांच्या शेजारी,
आणि दटावते, बस इथे, मऊ हो.

साचे आमच्याकडे नाहीत.
लहान गोलाला खोकल्याच्या औषधाचं झाकण,
मोठ्या गोलाला माझी लग्नातली बांगडी
(जोडीतली दुसरी कुठे, ते विचारू नका),
चांदणीला चकलीच्या सोऱ्याची चकती,
जिच्यातून चांदणी कधी धड सुटत नाही,
एक पाय आतच ठेवून येते.

बेदाणे नणंदेकडचे, पिंपळगावचे.
वेलदोड्याची सालं चहाच्या डब्यात.
ओव्हन गांगुर्डेंच्या सुनेनं दुबईला जाताना दिलेला,
चांगला आहे, फक्त उजव्या कोपऱ्यात त्याला राग फार.
तिथलं बिस्किट काळंच निघतं.
त्या कोपऱ्याला आम्ही देवळाली म्हणतो.
तिथं रोज तोफा.

आबा, माझे सासरे, चंद्रभान त्र्यंबक आहेर,
चौतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा तपासत होते.
इतका पैसा हातावरून गेला
की त्यांना त्याचा फक्त वास आठवतो, ओल्या शाईचा.
ताट थंड झालं की खुर्ची ओढून बसतात,
चष्मा पुसतात,
एकेक बिस्किट खिडकीच्या उजेडात धरतात.
कड फाटकी.
छपाई सरकलेली.
शाई जास्त.
डावीकडे पास, उजवीकडे रद्द.

पास झालेली चलनात जातात:
बोरस्तेकाकांचा डबा, खालचा वॉचमन,
शिकवणीच्या बाई, गांगुर्डेकाकूंचा साखर नसलेला वाटा.
रद्द झालेल्यांचा नियम कडक,
आजच्या आज, साक्षीदारासमोर नष्ट.
साक्षीदार आमची मैथिली, वय नऊ.
भट्टीही तीच.

मग हळूहळू माझ्या लक्षात आलं,
ही बांगडी दाबताना मनगट मुद्दाम वाकडं करते.
आबांच्याही आलं असणार.
एवढंच म्हणाले,
या आठवड्यात कामगारांचं लक्ष नाही.

गेल्या दिवाळीपासून ते उजेडात धरत नाहीत काही.
डॉक्टर म्हणाले, एका डोळ्याचं करू,
दुसऱ्याचं बघू.
आता ते अंगठा फिरवतात कडेवरून,
सावकाश, पूर्ण गोल,
आणि विचारतात, रंग कसा आहे गं?
ती सांगते. खरं सांगते.
देवळालीतलं आहे आबा, काळं.
आणि ते रद्दमध्ये टाकण्याआधी
तिच्याकडे वळून थांबतात थोडं,
एवढा प्रामाणिक माणूस
खात्यात बऱ्याच वर्षांनी आला, असं काहीतरी चेहऱ्यावर.

त्यांच्या शहात्तराव्याला केक ठरला.
पीठ भांड्यात ओतलं आणि लाइट गेली.
मग कुकर. शिट्टी काढून, रबर काढून,
तळाशी मिठाचा थर, वर ताटली, वर भांडं.
पन्नास मिनिटं कुणी झाकण उघडायचं नाही.
चाळिसाव्या मिनिटाला कुणीतरी उघडलं.
कोण ते आम्ही शोधलं नाही.

केक मधोमध बसला.
तिनं खड्ड्यात बेदाणे भरले,
वर पिठीसाखर भुरभुरवली,
तरी खड्डा तो खड्डाच.

आबांनी अंगठा फिरवला.
काठ. काठ. काठ.
मग मध्ये आला आणि थांबला
त्या बेदाण्यांच्या खळग्यात.
बराच वेळ.
दाराबाहेर बोरस्तेकाका, हातात डबा, मुहूर्ताला हजर.
मैथिलीनं सुरी मागे लपवली आणि विचारलं,
पास?

रद्द, आबा म्हणाले.
आजच्या आज.
आणि सगळ्यांच्या आधी
आपली बशी पुढे केली.

बोरस्तेकाकांनाही आत बोलावलं मग,
दुसरा साक्षीदार म्हणून.
डबा त्यांचा अजून आमच्याकडेच आहे.